ट्रक कॅम्पर घेताय? आधी वजनकाट्यावर चला

कळंबोलीच्या वजनकाट्यावरच्या माणसाने पावती पुढे केली आणि विचारलं, "काय भरलंय साहेब, लोखंड का?" लोखंड नव्हतं. दोन गाद्या, पाण्याची टाकी, शेगडी, आईने दिलेला बिडाचा तवा, मुलीची सायकल आणि चौघांचे चार दिवसांचे कपडे होते. घरी वहीत मांडलेल्या हिशेबापेक्षा गाडी १९० किलोने जड निघाली. आम्ही गाडी तिथेच कडेला घेतली, मेहुण्याला फोन केला आणि अर्धं सामान त्याच्या गाडीतून मुलुंडला परत पाठवलं. मग श्रीवर्धनचा रस्ता धरला. तेव्हापासून कुणी विचारलं की "कॅम्पर घ्यायचाय, सुरुवात कुठून करू?" तर मी वजनापासून सांगायला लागतो. बाकीचं सगळं त्याच्या मागून येतं.

ट्रक कॅम्पर म्हणजे पिकअपच्या हौद्यात बसणारी, हवी तेव्हा उतरवून ठेवता येणारी छोटी खोली. झोपायची जागा बहुधा ड्रायव्हरच्या केबिनच्या डोक्यावर येते, खाली ओटा, बाक आणि थोडी कपाटं. नावावरून एक घोळ नेहमी होतो, तो आधीच मिटवतो. महिंद्राची 'बोलेरो कॅम्पर' ही मागे हौदा असलेली डबल केबिनची पिकअप आहे, तिच्यात झोपायची सोय नसते. जुन्या गाड्यांच्या जाहिरातींत 'कॅम्पर' शब्द दिसला की तो बहुतेक वेळा याच अर्थाने असतो.

खरेदीच्या आधी दोन रात्री

पहिलं पाऊल म्हणजे कुठलीही मोठी राहायची गाडी दोन रात्रींसाठी भाड्याने घ्या आणि घरच्या सगळ्यांना घेऊन जा. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कारव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून मुंबई-पुण्यात अशा गाड्या भाड्याने देणारे मिळतात. एका रात्रीवर निर्णय घेऊ नका. पहिली रात्र नवलाईत जाते. दुसऱ्या रात्री कळतं की वडिलांना शिडी चढवत नाही, बायकोला बंद जागेत गुदमरतं, किंवा मुलांना परत जायचंच नाही. आमच्याकडे आईला केबिनवरच्या बिछान्यात उठून बसता येईना, डोकं छताला लागायचं. खालचा बाक पसरून पलंग होईल अशी रचना आम्ही केली ती त्यामुळे.

उतरवलेली खोली ठेवायची कुठे

मुंबईत हा प्रश्न गाडीच्या किमतीपेक्षा मोठा आहे. डबल केबिनची पिकअप सव्वापाच मीटरच्या पुढे जाते. सोसायटीतल्या रंगवलेल्या चौकोनातून तिचं नाक तरी बाहेर येतं नाहीतर शेपूट. वर खोली चढवली की उंची पावणेतीन ते तीन मीटर होते, आणि स्टिल्टच्या किंवा पोडियमच्या पार्किंगमध्ये तुळयांखाली एवढी जागा नसते. तेव्हा टेप घ्या, सोसायटीच्या गेटची कमान, तुळई, स्प्रिंकलरचा पाइप, वरून गेलेल्या केबलच्या वायरी असं सगळं मोजा. मग सेक्रेटरींना भेटा आणि लेखी परवानगी घ्या. तोंडी "हो हो, लावा ना" पुढच्या सर्वसाधारण सभेपर्यंतच टिकतं. अग्निशमन दलाच्या बंबासाठी ठेवलेल्या मोकळ्या जागेत गाडी लावायचा विचारही करू नका.

आम्ही खोली वांगणीजवळ एका नात्यातल्या माणसांच्या वाडीत ठेवतो, नुसती पिकअप मुलुंडला असते. सहलीच्या आदल्या दिवशी जाऊन खोली चढवतो. कर्जत, बदलापूर, पनवेल, वसई, विरार या पट्ट्यात कुणाची तरी वाडी, गोदाम, गॅरेजमागची मोकळी जागा सापडते. महिन्याचं भाडं ठरवा, पण जमीन सपाट आणि कडक हवी, वर पत्रा हवा आणि पिकअप उलटी घालायला समोर दहा-बारा मीटर मोकळं अंगण हवं. अशी जागा हातात नसेल तर खरेदी पुढे ढकला. रस्त्याकडेला झाकून ठेवलेली खोली पहिल्याच पावसाळ्यात खराब होते.

वजनाचा हिशेब

गाडीच्या आरसीवर, म्हणजे नोंदणीपत्रावर, दोन आकडे असतात, विनाभार वजन आणि भारासह एकूण वजन. दोहोंतला फरक म्हणजे माणसांसकट तुम्हाला भरता येणारं सगळं. समजा एकूण २९५० आणि रिकामी गाडी २१००, तर हाताशी ८५० किलो राहिले. आता मांडा. खोली ३८०, घरची चार माणसं २६०, पाणी ६० लिटर म्हणजे ६० किलो, फ्रिज १५, बॅटरी १३, छत्रीसारखं उघडणारं कापडी छप्पर २०, भांडी-अंथरुणं-कपडे ६०. झाले ८०८. अजून शिधा भरलेला नाही, हत्यारांची पेटी नाही, खुर्च्या नाहीत. माझ्या मते सुरुवातीला किमान १०० किलो शिल्लक राहायलाच हवेत, कारण प्रत्येक सहलीत काहीतरी वाढतं आणि घरी परत आल्यावर ते कुणी काढून ठेवत नाही.

आकडे मॉडेलगणिक फार बदलतात. ऐसपैस डबल केबिनच्या, रुबाबदार दिसणाऱ्या पिकअपची भार वाहण्याची क्षमता कित्येकदा साध्या मालवाहू पिकअपपेक्षा पुष्कळ कमी असते. शोरूममध्ये चकचकीत गाडी पाहून भुलू नका, आरसीवरचा किंवा दरवाजाच्या चौकटीजवळच्या पाटीवरचा आकडा वाचा. दुसरीकडे, मालवाहू पिकअप भार भरपूर घेते, पण तिची नंबरप्लेट पिवळी असते, तिचे मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) कडक असल्याने रिकामी गाडी उसळते आणि शहरात मालवाहू गाड्यांवरची बंधनं तिला लागू होतात. मुंबईच्या कोस्टल रोडवरूनच मालवाहू गाड्यांना जाऊ देत नाहीत. शहराच्या पाच प्रवेशनाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांना टोल माफ आहे, पण तुमची गाडी त्या व्याख्येत बसते का ते नंबरप्लेटवर आणि नोंदणीवर ठरतं. हे प्रश्न खरेदीआधी विचारायचे.

मागे पाटे वाढवून देतो असं प्रत्येक गॅरेजवाला सांगेल. पाटे वाढवले की गाडीची शेपूट वर राहते, एवढंच होतं. ब्रेक तेच, टायर तेच, अ‍ॅक्सल तोच आणि आरसीवरचा आकडाही तोच. जादा भाराला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २० हजार रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार. दंड मला दुय्यम वाटतो. खरी भीती उतारावर ब्रेक न लागण्याची आहे.

वजनकाट्यावर गाडी तीनदा तोला. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर घेऊन, मग फक्त मागची. डिझेलची टाकी भरलेली, पाणी भरलेलं, सगळी माणसं आत बसलेली. रिकाम्या पिकअपचीही अशीच पावती आधी काढून ठेवलेली असावी. खोली चढवल्यावर पुढच्या चाकांवरचा भार आधीपेक्षा कमी झाला असेल, तर खोलीचं वजन मागे झुकलंय. अशा गाडीचं स्टिअरिंग हातात हलकं लागतं आणि ओल्या रस्त्यावर ती वळणाला सरळ निघू पाहते. खोलीच्या वजनाचा मध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या किंचित पुढे यायला हवा. पाण्याची टाकी आणि बॅटरी पुढच्या भिंतीलगत, जमिनीजवळ ठेवली की निम्मं काम होतं. डबल केबिनचा हौदा जेमतेम पाच फुटांचा असतो, त्यामुळे खोलीचा मागचा भाग हौद्याबाहेर येतोच. त्या बाहेर आलेल्या भागात जड काही ठेवायचं नाही. आमच्याकडे तिथे फक्त उशा आणि टॉवेल असतात.

कागदपत्रं

गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर कलम ५२ ची बंधनं आहेत आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही या बाबतीत कडक भूमिका घेतली. हौदा कापून, वेल्डिंग मारून खोली कायमची बसवणं हा सरळ सरळ बदल आहे, परवानगीशिवाय त्याला हात लावू नका. नोंदणीत कॅम्पर व्हॅनचा वेगळा वर्ग आहे, त्यात खाजगी वापराचाही पर्याय आहे. तेव्हा खोली बनवायला टाकण्याआधी कागदावर नीट मापं काढून, वजनासह, आपल्या आरटीओत जा. ताडदेव, अंधेरी, वडाळा, बोरिवली, ठाणे, जे तुमचं असेल ते. मोटार वाहन निरीक्षकांना स्वतः भेटा. एजंट "होऊन जाईल" म्हणतो, पण रस्त्यात गाडी अडवली तर एजंट तिथे नसतो.

विमा कंपनीलाही लेखी कळवा आणि पोच ठेवा. न कळवलेल्या बदलावरून दावा अडकू शकतो. खोलीने मागचे दिवे किंवा नंबरप्लेट झाकली जात असेल तर ती खोलीवर पुन्हा दिसतील अशी बसवून घ्या. आणि गाडी चालू असताना खोलीत कुणीही बसायचं नाही, झोपलेलं मूलसुद्धा नाही. सगळे केबिनमध्ये, पट्टे लावून.

खोली कशी असावी

मुंबईच्या माणसाने छत वर-खाली होणारी खोली घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. प्रवासात ती बसकी राहते, वारा कमी लागतो, घाटात गाडी कमी डोलते आणि उंचीच्या दांड्यांखालून निघायची शक्यता वाढते. तिच्या वरच्या भागाच्या कापडी भिंती पावसात भिजतात आणि घरी येऊन वाळवाव्या लागतात, हा त्रास आहे. तो पत्करावा.

खालच्या पक्क्या भिंतींना लोखंडी चौकट आणि प्लायवूड स्वस्त पडतं, सुतारालाही जमतं. पण आपल्या खाऱ्या दमट हवेत लोखंडाला गंज आणि प्लायला पाणी लागायला दोन वर्षंही लागत नाहीत, शिवाय वजन वाढतं ते वेगळंच. अॅल्युमिनियमची चौकट आणि शीतगृहाला वापरतात तसले पफ पॅनेल घ्या. स्क्रू-बोल्ट स्टेनलेसचेच. छतावर जिथे जिथे भोक पडेल, म्हणजे पंखा, सोलरची वायर, कापडी छपराचा ब्रॅकेट, तिथे आधी ब्यूटाइल टेप आणि वरून पॉलियुरेथेन सीलंट. बाथरूमला वापरतात तो साधा सिलिकॉन छतावर नको. तो सुटतो, आणि एकदा लावला की त्याच्यावर दुसरं काही नीट चिकटत नाही.

चढवणं आणि उतरवणं

हे काम पहिल्यांदा माहितगार माणूस सोबत घेऊनच करा. खोलीच्या चार कोपऱ्यांना चार जॅक असतात. त्यांवर खोली उचलायची, पिकअप उलटी खाली घालायची, मग खोली हळूहळू हौद्यात टेकवायची. उचलताना पुढची बाजू नेहमी थोडी उंच ठेवा. एका वेळी एका जॅकला चार-पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त देऊ नका, एका कोपऱ्यावर भार गेला की जॅक वाकतो. चारही पायांखाली जाड लाकडी फळ्या. जोराचं वारं असेल तर काम दुसऱ्या दिवशी. जॅकवर उभ्या खोलीखाली कुणी वाकायचं नाही, आत जायचं नाही, लहान मुलांना घरातच ठेवायचं. पिकअप मागे घेताना एकानेच हाताने खुणा करायच्या. दोघं बोलले की ड्रायव्हर गोंधळतो. हौद्यात आधी रबरी चटई अंथरलेली असावी, त्याने खोली सरकत नाही.

मग खोली गाडीला बांधणारे चारही बाजूंचे टर्नबकल (फिरवून आवळायचे स्क्रू) ताणून घ्या. ते हौद्याच्या पत्र्याला न अडकवता चॅसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, धरलेल्या कड्यांना अडकवा, पत्रा फाटतो. मुलुंडहून निघालो की पहिला थांबा मी पळस्पे फाट्याच्या आसपास घेतो. चहा येईपर्यंत चारही टर्नबकल हाताने दाबून बघायचे. पहिल्या चाळीस-पन्नास किलोमीटरमध्ये खोली बसते आणि एखादा तरी ढिला झालेला असतोच.

वीज, पाणी, गॅस

घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी उचलून ठेवायचा मोह होतो. ती पन्नास किलोच्या वर असते, निम्म्याहून जास्त वापरली तर लवकर मरते आणि चार्ज होताना हायड्रोजन सोडते. झोपायच्या जागेत ती नको. १०० अ‍ॅम्पिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बारा-तेरा किलोत मिळते आणि तिच्यात सुमारे १२८० वॉट-तास साठतात. चाळीस लिटरचा कॉम्प्रेसरचा छोटा फ्रिज दिवसाला साधारण ३०० ते ५०० खातो. वर दोन एलईडी, एक बारा व्होल्टचा पंखा, फोन. दोन दिवस निवांत जातात. छतावर २०० वॉटचं पॅनेल असेल तर हिवाळ्यातल्या स्वच्छ उन्हात बराचसा खर्च भरून निघतो, पावसाळ्यात त्याच्यावर भिस्त ठेवू नका. गाडी चालू असताना चार्ज करायला डीसी-डीसी चार्जर (गाडीच्या विजेवर खोलीची बॅटरी चार्ज करणारं यंत्र) बसवा, थेट वायर जोडू नका. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभराच्या आत फ्यूज हवा. वायरिंग पातळ वायरने केलेलं असेल तर ते गरम होतं आणि आग तिथूनच लागते. या एका कामात पैसे वाचवू नका.

एसीचं सगळे विचारतात. एक टनाचा एसी तासाला सुमारे एक हजार वॉट-तास ओढतो, म्हणजे ही बॅटरी तास-सव्वा तासात संपली. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत फिरा, खिडक्यांना बारीक जाळी लावा, छताला पंखा लावा.

पाणी दोन भागांत ठेवा. वापरायचं टाकीत, प्यायचं वीस लिटरच्या जारमध्ये. वाटेत पाणी मिळतं, त्यामुळे घरून टाकी काठोकाठ भरून घाट चढवण्यात अर्थ नाही. मुक्कामाच्या गावी भरा. सोबत नेलेल्या पेटीसारख्या छोट्या शौचालयाची टाकी सार्वजनिक शौचालयात, तिथल्या माणसाला विचारून, रिकामी करायची. शेतात, ओढ्यात, खाडीत कधीही नाही.

आता गॅस. यावर थोडं थांबतो, कारण इथली चूक सुधारायला दुसरी संधी मिळत नाही. घरचा १४.२ किलोचा लाल सिलिंडर गाडीत नको, तो घरासाठीच आहे. ५ किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्र दाखवून वितरकाकडे मिळतो, तो पट्ट्याने उभा बांधून ठेवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला अगदी तळाशी बाहेर उघडणारं छिद्र हवं, वरची खिडकी उघडी ठेवून भागत नाही. महिन्यातून एकदा नळीवर आणि रेग्युलेटरवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. गाडी सुरू करण्याआधी नॉब बंद. आणि रात्री थंडी वाजते म्हणून आत शेगडी किंवा निखारे पेटवून झोपू नका, बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वास नसतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणि एक किलोचं अग्निशामक दाराजवळ असू द्या. आम्ही स्वयंपाक शक्यतो बाहेर, मागच्या फळीवर करतो. पहिल्या दिवशी घरच्या पोळ्या आणि सुकी भाजी, नंतर कुकरमधली खिचडी, पिठलं, थालीपीठ. कुकरने गॅस निम्मा लागतो. बिडाचा तवा आता घरी असतो.

रस्त्यावर

गाडीची खरी उंची मोजा, छतावरच्या पंख्यासकट, आणि आकडा स्टिअरिंगसमोर चिकटवा. आमच्यावर २.८५ मीटर लिहिलंय. ते लिहिलं एका बाजारपेठेच्या पार्किंगच्या दांड्याने पंख्याचं झाकण उडवल्यानंतर. केबिनमध्ये बसलेल्या माणसाला डोक्यावर खोली आहे हे पंधरा मिनिटांत विसरायला होतं. रेल्वेखालचे सबवे, पेट्रोल पंपाची छतं, गावातल्या कमानी, उत्सवांचे मंडप, गुलमोहराच्या फांद्या, यांच्याकडे सतत नजर हवी. शंका आली की सोबतच्याने उतरून बघायचं, मागच्या गाड्यांनी कितीही हॉर्न वाजवले तरी.

टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना, भार भरल्यावर तपासा. रिकाम्या गाडीचा आकडा भरलेल्या गाडीला चालत नाही, दोन्ही आकडे दरवाजाजवळच्या पाटीवर दिलेले असतात. समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून नागपूर ते आमणे असा सलग ७०१ किलोमीटर खुला आहे आणि रस्ता मोकळा मिळाला की पाय जड होतो. खोली चढवलेली गाडी ७५-८० च्या वर नेऊ नका. मोकळ्या माळावर आडवा वारा लागला की ती लेन सोडते, आणि मोठा कंटेनर बाजूने गेला की आधी ढकलली आणि मग ओढली जाते. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले की ते जाणवतं, घाबरून झटका द्यायचा नाही.

घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. सतत ब्रेकवर पाय ठेवला की जळका वास येतो, मग पेडल मऊ होतं. तसं झालंच तर रुंद जागा बघून थांबा, अर्धा तास द्या, चाकांवर पाणी ओतू नका. कसारा आणि माळशेज नव्या माणसाला सरावासाठी ठीक आहेत. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी पहिल्या वर्षी टाळा, वळणं आवळ आहेत.

कोकणातली सागरी वाट मात्र या गाडीसाठीच केल्यासारखी आहे. आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड अशा फेरीबोटींनी खाड्या ओलांडत रत्नागिरीपर्यंत जाता येतं. फेरीवर चढताना खोलीची शेपूट घासते, हे ध्यानात ठेवा. ओहोटीला फेरी खाली जाते, चढायची फळी तीव्र उताराची होते आणि हौद्याबाहेर आलेला भाग आधी टेकतो. दाभोळला आमचा नंबर ओहोटीला आला, तेव्हा फेरीवरच्या खलाशाने खाली बसून मागचं अंतर पाहिलं आणि म्हणाला, "दोन तास थांबा भाऊ, पाणी चढू द्या." आम्ही थांबलो, धक्क्यावर मुलांनी खेकडे बघितले, पाणी चढलं, गाडी अलगद आत गेली. तिथल्या माणसांचं ऐकावं. भरती-ओहोटीच्या वेळा आदल्या दिवशी बघून निघालात तर हे थांबणंही टळेल.

पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, गाडी नेऊ नका. तीन टनांची गाडी ओल्या वाळूत रुतते, भरती कुणासाठी थांबत नाही आणि किनाऱ्यांवर गाडी नेण्यावर ठिकठिकाणी बंदीही आहे.

रात्रीचा मुक्काम

पहिला मुक्काम वाडीतच, जिथे खोली ठेवता तिथे करा. काय विसरलं ते कळतं आणि घर तासाभरावर असतं. दुसरा एखाद्या रात्रीचा, भंडारदऱ्यासारखा, घोटीवरून जाऊन येण्याएवढा. मग लांबचे बेत.

आमचा सगळ्यात आवडता मुक्काम घरगुती खानावळीच्या अंगणातला. उजेडी पोचायचं, गाडी रस्त्यावर ठेवून आत जायचं आणि विचारायचं, "काकू, रात्रभर अंगणात गाडी लावली तर चालेल का? जेवण तुमच्याकडेच घेऊ, जागेचं काय ते सांगा." बहुतेक ठिकाणी हो म्हणतात, बाहेरचा नळ आणि न्हाणीघर दाखवतात. पैसे आपणहून पुढे करा. लहान गावात मोकळ्यावर थांबायचं असेल तर सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना सांगून थांबा. रात्री टॉर्च घेऊन कुणी चौकशीला आलं तर "पाटलांना सांगून थांबलोय" एवढं पुरतं. एमटीडीसीच्या (राज्य पर्यटन महामंडळाच्या) निवासांत आणि कृषी पर्यटन केंद्रांत आधी फोन करून, गाडीची लांबी-उंची सांगून विचारा. जंगल खात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय रात्र काढायची नाही. हायवेवर वेळ आलीच तर ट्रक थांबतात तो मोठा ढाबा किंवा चोवीस तासांचा पंप बरा, निर्मनुष्य रस्त्याची कड नको.

गाडी लावताना नाक रस्त्याकडे ठेवा, रात्री निघायची वेळ आली तर उलटी घ्यावी लागू नये. नारळाखाली लावू नका.

पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर आम्ही खोली चढवत नाही. मे संपायच्या आत छताच्या प्रत्येक जोडावर बोट फिरवून सीलंट बघतो, पाइपने पाणी मारून आतून टॉर्च लावतो. समुद्राकाठून आल्यावर खालची बाजू गोड्या पाण्याने धुतलेली असतेच, तरी एकदा पुन्हा धुतो. पाण्याची टाकी पूर्ण रिकामी, फ्रिजचं दार लाकडाचा तुकडा घालून अर्धवट उघडं, गाद्या उभ्या करून ठेवलेल्या, कपाटं सताड उघडी. कोपऱ्यांत ओल शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडचे डबे. बॅटरी घरी, निम्मी चार्ज केलेली. वर ताडपत्री टाकायची तर ती खोलीला चिकटू देऊ नका, मधून हवा खेळायला हवी, नाहीतर आतून बुरशी धरते. ऑगस्टमध्ये एखाद्या उघडिपीच्या दिवशी जाऊन सगळं उघडा आणि गादीखालच्या फळीवर तळहात ठेवून बघा. गार आणि चिकट लागली तर ती फळी बाहेर काढून वाळवा, दिवाळीपर्यंत थांबू नका.

दसऱ्याला गाडीला झेंडूचं तोरण बांधतो, त्याच्या आदल्या रविवारी खोली चढते, आणि तिथून आम्ही कळंबोलीला जातो. गेल्या वर्षीची पावती डॅशबोर्डच्या कप्प्यात असते. नवी पावती तिच्या शेजारी धरायची, जितके किलो वाढले असतील तेवढं सामान तिथेच शोधून काढायचं.